कारभार सोडायचा म्हणजे नेमके काय सोडायचे?



शेतकी खात्याच्या कामानिमित्त आम्ही गटागटांतून हिंडतो तेव्हा एक देखावा हटकून दिसतो. उसाच्या बांधावर मुलगा उभा असतो. चाळिशीला आलेला, दोन लेकरांचा बाप. त्याला विचारावे, "मोठी बांधणी कधी काढणार?" तर उत्तर येते, "आबांना विचारून सांगतो." आबा पाहुण्यांच्या लग्नाला गेलेले, नाहीतर दवाखान्यात. आबा येईपर्यंत वाफसा निघून जातो, पुन्हा पाणी द्यावे लागते. लागणीच्या उसाला चार-साडेचार महिन्यांनी मोठी बांधणी असते आणि त्याच वेळी नत्राचा ४० टक्के हप्ता द्यायचा असतो. हे काम लांबले की ऊस वर जातो, अवजार आत शिरत नाही आणि खत वरूनच फेकावे लागते. त्याचा तोटा पुढे काट्यावर दिसतो, पण तो कुणाच्या नावावर लिहिला जात नाही.

आबांचे म्हणणे आम्हांला ठाऊक आहे. "पोराला अजून काय कळतंय?" बरे, कळणार कसे? रात्रीची लाईट आली की मोटर चालू करायला पोरगे, दारे धरायला पोरगे, टोळीच्या मुकादमाची मनधरणी करायलाही पोरगेच. मात्र जात कोणती लावायची, खत किती आणि कुठून आणायचे, खोडवा ठेवायचा की मोडायचा, हे आबा ठरवणार. याला कारभार सोपवणे म्हणत नाहीत, घरचा गडी ठेवणे म्हणतात.

खरे तर ही विद्या आपणा सभासदांना नवी नाही. कारखान्याचे मालक आपण आहोत, पण बॉयलर आपण चालवत नाही. पॅनवर पॅनमन असतो, लॅबमध्ये केमिस्ट असतो. संचालक मंडळ धोरण ठरवते आणि रोजचे काम कार्यकारी संचालक पाहतात. प्रवरेचा कारखाना उभा राहिला तेव्हा त्यामागे लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांची धडपड होती, पण पहिले अध्यक्ष झाले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. विखे पाटील उपाध्यक्ष राहिले. १९५०-५१ साली तिथे पहिला गळीत हंगाम झाला. ज्यांनी गावोगाव फिरून भाग भांडवल गोळा केले त्यांनी खुर्ची दुसऱ्याला दिली आणि त्यात त्यांचे काही उणे झाले नाही. कारखान्याच्या बाबतीत आपण हे मान्य करतो. घरच्या चार एकरांत मात्र आपल्याला ते जड जाते.

आमच्या पाहण्यातल्या एका सभासदाने हे जमवले. नाव सांगत नाही, त्यांना आवडायचे नाही. वय अडुसष्ट, गुडघे गेलेले. त्यांनी मुलाला सगळी शेती दिली नाही. दोन एकरांचा खोडव्याचा एकच प्लॉट दिला, पण पुरता दिला, तोडणी झाल्या दिवसापासून पुढच्या तोडणीपर्यंत. खर्चासाठी ठरावीक रक्कम मुलाच्या खात्यावर टाकली. हे फार महत्त्वाचे, कारण उसाचे बिल जमा होते सभासदाच्या खात्यावर, आणि युरियाच्या प्रत्येक पोत्याला बापापुढे हात पसरणाऱ्या माणसाने निर्णय तरी कसला घ्यावा? ठरले एवढेच की खर्च आणि काम वहीत लिहायचे आणि दर रविवारी जेवण झाल्यावर वही दाखवायची. मधल्या वारी आबांनी बोलायचे नाही.

आबांची खरी परीक्षा पहिल्याच आठवड्यात झाली. मुलाने पाचट पेटवले नाही. ते सरीत दाबून हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो जिवाणू या हिशेबाने त्यावर टाकले, बुडखे जमिनीलगत छाटून घेतले. आबांची सारी हयात पाचट जाळण्यात गेलेली. "उंदीर होतील," एवढे पुटपुटून ते घरी गेले. खताचा पहिला हप्ता पंधरा दिवसांत पहारीने भोके घेऊन दिला, तोही नीट पार पडला. दुसरा हप्ता १३५ दिवसांनी असतो, तो मात्र चुकला. सोसायटीत खत नव्हते, पोरगे वाट बघत बसले. आबांना ते दिसत होते. पूर्वीचे आबा असते तर त्यांनी गड्यांसमोरच पोराची अब्रू काढली असती. ते गप्प राहिले आणि रविवारी वही पुढे आल्यावर विचारले, "दुसरं खत कुठं लिहिलंय?" मुलगा दुसऱ्या दिवशी तालुक्याहून पोती घेऊन आला. हप्ता तीन आठवडे उशिरा पडला.

त्या वर्षी प्लॉटचा उतारा मागच्या खोडव्यापेक्षा थोडा कमीच निघाला. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण पोराच्या हाती दिले आणि लगेच सोने पिकले अशा गोष्टी सभेत सांगायला बऱ्या असतात. पहिल्या वर्षी नुकसान होऊ शकते. पण आबा गप्प बसवून शिकवत होते आणि शिकवणीची फी म्हणून चार टन गेले तर ती महाग नाही. पुढल्या सालची पूर्वहंगामी लागण त्यांनी आपणहून मुलाकडे दिली. आता वही सूनबाई लिहितात, अक्षरही त्यांचेच बरे आहे. औषध-खताच्या पावत्याही त्याच सांभाळतात, तेव्हा "पोरगा" म्हणताना घरातल्या लेकी-सुनांना वगळू नये हेही सांगून टाकतो.

कित्येकांना धास्ती असते ती वेगळीच. कारभार सोडला की मान जाईल, उद्या घरात कोण विचारणार? सात-बारा आपल्याच नावावर राहतो, शेअर आपलाच राहतो, सभेतले मतही आपलेच. सोडायची असते ती रोजची लगबग. पिकाची नजर, पाण्याचा अंदाज, कोणत्या शिवारात हुमणी लागते, कोणत्या कोपऱ्यात चोपण आहे, हे आबांच्या डोक्यातले ज्ञान वहीत उतरायचे राहिले आहे आणि त्याला फार वर्षे हाताशी नाहीत. अंथरुणाला खिळल्यावर घाईने दिलेल्या कारभारात ते सांगायला सवड मिळत नाही. अशी घरे आम्ही पाहिली आहेत, जिथे विहिरीतून गेलेली पाइपलाइन कुठून वळते हे शोधायला चर खणावे लागले.

सुरुवात खोडव्यापासून करावी असे आमचे मत आहे, कारण त्यात बेणे आणि मशागतीचा खर्च नाही आणि चुकले तरी झळ कमी बसते. यंदा ज्यांची तोडणी लवकरच्या पाळीत आहे त्यांनी टोळी फडात शिरण्याआधीच घरात बसून ठरवावे, कोणता प्लॉट, किती पैसे, कोणता वार. वहीचे रकाने कसे आखायचे ते आपल्या गटाचे शेतकी कर्मचारी दाखवतील. त्यांच्याकडे मुलाला पाठवावे. आबांनी सोबत येण्याची गरज नाही.

— ऊस विकास अधिकारी