आश्विनातलं पित्त, मिहानमधला कोरडा घसा

आश्विनात नागपूरच्या मिहानमधल्या एखाद्या आयटी कंपनीच्या दारातून दुपारी बाहेर पडा, ऊन थेट टाळूवर बसतं. पाऊस नुकताच सरलेला, जमिनीत ओल, वर आभाळ निरभ्र. या ऑक्टोबर हीटचं वर्णन चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सहाव्या अध्यायात आहे. पावसाळी गारव्याला सरावलेल्या शरीरावर अचानक कडक ऊन पडतं आणि आधी साठलेलं पित्त खवळतं. म्हणून शरदात गोड, कडू, हलकं आणि शीत खावं: साळीचा भात, गहू, जव, कडू औषधांत सिद्ध केलेलं तूप. दही, तेल, चरबी, क्षार आणि दुपारची झोप वर्ज्य.

चिनी वैद्यकाचा शरद वेगळा. तिथे या ऋतूचं नातं फुप्फुसांशी आणि शत्रू म्हणजे कोरडेपणा. त्यामुळे खडीसाखर घालून वाफवलेली नाशपाती, मध, लिलीचे कंद, तिखट बेतानं. उत्तर चीनमध्ये पावसाळा गेला की हवा लवकर कोरडी आणि थंड होते, त्या हवेला हा आहार शोभतो. नागपूरकरानं आश्विनात तो जशाचा तसा उचलण्यात अर्थ नाही. पण दिवसभर एसीखाली बसणाऱ्याचा घसा सुकतो, ओठ फुटतात. मिहानच्या काचेच्या इमारतींत बाराही महिने थोडा चिनी शरद असतोच. तिथे नाशपाती डब्यात न्यायला हरकत नाही.

आता नागपुरी सावजी मटणाचं काय? विचारणार होतातच. चरकानं शरदातल्या मांसात मेंढ्याचंही नाव घेतलंय, तेव्हा मटणाला मुभा आहे. अडचण वरच्या तर्रीची! तेल नको म्हटल्यावर सावजीत उरतं काय, हा प्रश्न मी सोडून देतो.

कोजागरीचं आटीव दूध मात्र गोड आणि पित्तशामक म्हणून या चौकटीत चपखल बसतं. विदर्भात त्याच रात्री भुलाबाईची सांगता होते आणि खिरापत ओळखण्याचा खेळ रंगतो. फक्त चरक चांदणं प्रदोषकाळी, म्हणजे सायंकाळी घ्यायला सांगतो आणि दव टाळायला सांगतो. गच्चीवर मध्यरात्रीपर्यंत दूध घोटणाऱ्यांनी डोक्यावर रुमाल तरी बांधावा. मधुमेह असेल तर साखरेचं प्रमाण चरकाला नाही, आपल्या डॉक्टरांना विचारावं.

संत्र्याच्या आंबिया बहाराचं फळ ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत येतं. सुरुवातीचं फळ आंबट, म्हणजे पित्त वाढवणारं; थंडी पडू लागली की गोडी भरते. थांबलेलं बरं. मिहानमध्ये मार्च 2025 मध्ये पतंजलीचा फूड अँड हर्बल पार्क सुरू झाला, संत्र्यावरच्या प्रक्रियेसाठी. चीनमध्ये मात्र या जातकुळीच्या फळांत सालीचाही मान मोठा: ग्वांगडोंग प्रांतातल्या शिन्हुईची वाळवलेली साल, चेनपी, निदान तीन वर्षं मुरवतात आणि पचनासाठी, कफासाठी वापरतात. आपण ती केराच्या टोपलीत टाकतो, नाहीतर उटण्यात.

आयुर्वेदातला दुसरा ग्रंथकार शारंगधर तर पुढचीही सूचना देऊन ठेवतो. कार्तिकाचे शेवटचे आठ आणि मार्गशीर्षाचे पहिले आठ दिवस म्हणजे यमदंष्ट्रा, यमाची दाढ. या काळात कमी जेवेल तो तगेल. तुळशीचं लग्न उरकून गावोगावी लग्नांच्या पंगती सुरू होतात, त्या नेमक्या याच सुमारास.