शेजाऱ्याची बंद पडलेली चेनसॉ : पैसे घालावेत की भंगारात द्यावी?

रावेर तालुक्यात केळीसाठी चेनसॉ कुणी घेत नाही. केळीचा खांब पाणीदार आणि धागेदार असतो. त्यात चेन घातली की धागे आतल्या चक्रीभोवती गुंडाळतात, म्हणून तिथे कोयताच बरा. ही मशीन, म्हणजे आपल्या बोलण्यातली ‘कटर’, घेतली जाते बांधावरच्या बाभळीसाठी, वाळलेल्या निंबासाठी आणि मे-जूनच्या वादळात रस्त्यावर आडव्या पडलेल्या झाडांसाठी. वर्षातले मोजके दिवस ती पळते आणि बाकीचे महिने अर्ध्या भरलेल्या टाकीसह खळ्यातल्या कोपऱ्यात पडून राहते. बहुतेक बिघाड या पडून राहण्यात घडतात. उरलेले घडतात ती कुणी मागून नेली त्या दिवशी.

मग एके दिवशी शेजारचे नाना ती आपल्या ओट्यावर आणून ठेवतात : “चालू होऊन नाही ऱ्हायली, पाय बरं.” अशा वेळी पाना हातात घेण्याआधी करायची कामं बरीच आहेत.

आधी चौकशी

मशीन कशाने बंद पडली हे कळल्याशिवाय तिच्यावर एक रुपयाही घालू नये, असं माझं मत आहे. नवा पिस्टन बसवला आणि जुना ज्या कारणाने खराब झाला ते कारण तसंच राहिलं, तर नवाही त्याच वाटेने जातो. म्हणून नानांना तीन गोष्टी विचाराव्यात. शेवटची चालली तेव्हा काय कापत होते? ती हळूहळू मंदावत गेली की एकदम जाम झाली? आणि पेट्रोल कुणी भरलं होतं?

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे. चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक असतं. मोटारसायकलसारखं तिच्या इंजिनात वेगळं ऑईल नसतं, पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑईल हेच तिचं सगळं वंगण. चांगल्या ऑईलसाठी साधारण 50 ला 1, म्हणजे लिटरला 20 मिली. स्वस्त चिनी मशीनच्या पुस्तिकेत अनेकदा 25 ला 1, म्हणजे लिटरला 40 मिली लिहिलेलं असतं. मागून नेणारा माणूस मोटारसायकलच्या टाकीतलं साधं पेट्रोल काढून भरतो, आणि थोड्याच वेळात पिस्टन सिलिंडरला चिकटतो. मशीन परत देताना तो एवढंच सांगतो, “चालता चालता बंद पडली.” टाकीत उरलेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून पाहा. टू-टी ऑईलला बहुधा निळा, हिरवा किंवा लाल रंग असतो. बाटलीतलं पेट्रोल अगदी बिनरंगी, पंपावरच्यासारखं दिसलं, तर संशय घ्यायला जागा आहे.

सायलेन्सर काढा, टॉर्च मारा

संपूर्ण मशीन उघडायची गरज नसते. सायलेन्सरचे दोन-तीन बोल्ट काढले की धूर बाहेर पडण्याच्या भोकातून पिस्टनची बाजू दिसते. दोरी हळू ओढत पिस्टन खाली-वर करा आणि मोबाइलचा टॉर्च आत मारा. ही पाहणी फुकट आहे आणि निम्म्याहून अधिक निर्णय इथेच होतो.

पिस्टन गुळगुळीत, राखाडी, रिंग मोकळी दिसली तर आशा ठेवायला हरकत नाही. उभे ओरखडे, वितळून पसरल्यासारखं ॲल्युमिनियम आणि खाचेत दबलेली रिंग दिसली, तर मशीन सीज झालेली आहे.

ओरखडे कुठे आहेत यावरून कारणही कळतं. फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील तर इंजिन तापलं होतं : पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळत होती. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधली रबरी नळी चिरलेली असेल, क्रँकचं ऑईल सील गळत असेल किंवा टाकीतला फिल्टर तुंबला असेल. ओरखडे चहूबाजूंनी असतील तर ऑईल नव्हतं असं समजा. कार्बोरेटरच्या बाजूने पिस्टन मळकट, घासल्यासारखा झाला असेल तर एअर फिल्टरमधून धूळ आत गेली आहे. आपल्या काळ्या मातीची उन्हाळ्यातली धूळ पिठासारखी बारीक असते. फिल्टर न लावता मशीन चालवणारे लोक आपल्या आसपास आहेत, हे वेगळं सांगायला नको.

‘बोअर मारून देतो’

पिस्टनवर ओरखडे दिसले की एखादा गाड्यांचा मिस्त्री म्हणतो, बोअर मारून मोठा पिस्टन टाकू. हे इथे चालत नाही. मोटारसायकलच्या अनेक सिलिंडरांत आत बिडाचा स्लीव्ह असतो, तो घासून मोठा करता येतो. चेनसॉचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा असून आतून क्रोम किंवा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा अगदी पातळ, कठीण मुलामा असतो. बोअर मारला की मुलामाच निघून जातो.

मात्र पुष्कळदा मुलामा शाबूत असतो आणि त्यावर फक्त पिस्टनचं ॲल्युमिनियम फासलेलं असतं. सिलिंडर काढून, बाथरूम धुण्याच्या ॲसिडचा थेंब कापसाच्या काडीने त्या डागावर लावला तर ॲल्युमिनियम फसफसून विरघळतं आणि मुलामा राहतो. हे मोकळ्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून करायचं. मुलामा नाही त्या उघड्या ॲल्युमिनियमवर ॲसिड जाऊ द्यायचं नाही, आणि लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. नंतर नख फिरवून पाहा. नख अडकलं नाही तर फक्त पिस्टन-रिंग टाकून काम भागतं. अडकलं तर सिलिंडर गेला, पूर्ण किटच हवं.

किट घेताना मशीनवरच्या स्टिकरवर विसंबू नका. बाजारात ‘52 सीसी’ आणि ‘58 सीसी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक चिनी मशीनींना एकाच मापाचा, 45.2 मिलिमीटरचा पिस्टन बसतो. जुना पिस्टन व्हर्नियरने मोजून मगच दुकानात जा.

दाब किती उरला?

प्लग बसवलेला ठेवून, स्विच बंद करून मशीन फक्त दोरीच्या मुठीने उचलून धरा. ठणठणीत इंजिन असेल तर दाबाला अडखळत, थांबत थांबत ती खाली येते. सुळकन खाली आली तर दाब गेलेला आहे. ही ढोबळ चाचणी झाली. दाबमापक मिळाला तर अधिक बरं. 150 पीएसआयच्या आसपास आकडा आला तर इंजिन उत्तम, 100 च्या खाली आला तर खर्चाची तयारी ठेवा. गॅरेजमधून मापक मागून आणताना एक अडचण येते : आजच्या बऱ्याच मोटारसायकलींचा प्लग 10 मिलिमीटर आट्यांचा, तर चेनसॉचा बहुधा 14 मिलिमीटरचा. त्यामुळे मापकाचं तोंड जुळतं का ते आधी पाहावं.

स्वस्तात सुटणारे बिघाड

पिस्टन चांगला आहे, दाब आहे, तरी चालू होत नाही. इथे मन लावून काम करावं, कारण ‘मेलेल्या’ म्हणून आणलेल्या कितीतरी मशीनी याच टप्प्यावर जिवंत होतात.

पहिला संशय कार्बोरेटरवर. त्यात तरंगता फ्लोट नसतो. झाडावर आडवी-तिरकी धरली तरी मशीन चालावी म्हणून पातळ पडदे, म्हणजे डायफ्रॅम, पेट्रोल ओढतात. जळगाव जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा 44-45 च्या घरात जातो. कोपऱ्यात पडलेल्या मशीनच्या टाकीतलं पेट्रोल उडून जातं, चिकट थर मागे राहतो आणि पडदा कडक होतो. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं : देशात 2022 मध्ये मिश्रण 10 टक्क्यांवर पोचलं आणि 2025 पर्यंत 20 टक्क्यांवर. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट तळाशी वेगळं बसतं, आणि जुन्या रबरी नळ्या त्यात फुगतात किंवा चिरतात. डायफ्रॅमचं किट, नळी आणि टाकीतला फिल्टर या तिन्ही गोष्टी मिळूनही फार महाग पडत नाहीत. चिनी मशीनचा अख्खा कार्बोरेटरच बदलणं अनेकदा साफसफाईच्या मजुरीएवढ्यात जातं.

दुसरा संशय करंटवर. प्लग काढून, त्याचं धातूचं अंग सिलिंडरला टेकवून दोरी ओढा. सांडलेलं पेट्रोल जवळ नको. ठिणगी नसेल तर आधी स्विचची वायर काढून पाहा, कारण ती घासून बॉडीला टेकली की करंट तिथेच मरतो. मग कॉइल आणि मॅग्नेट यांच्यातलं अंतर बघा. ते साधारण 0.3 मिलिमीटर असावं. जाडसर व्हिजिटिंग कार्ड मध्ये सरकवून बोल्ट आवळले की जमतं.

पुराच्या पाण्यात बुडालेली मशीन मात्र वेगळी. क्रँकची बेअरिंगं गंजली की दोरी ओढताना खरखर हाताला जाणवते. ती बदलायला क्रँककेस फोडावी लागते, आणि स्वस्त मशीनसाठी तेवढी मजुरी कधीच परवडत नाही.

हिशेब

माझा साधा नियम : दुरुस्तीचा एकूण खर्च तशाच नव्या मशीनच्या किमतीच्या निम्म्यावर गेला तर थांबावं. ‘एकूण’ हा शब्द जपून वापरा. लोक फक्त इंजिनचा खर्च धरतात. नव्या मशीनबरोबर नवी चेन, नवी पट्टी आणि नवी चक्री येते. जुन्या मशीनची पट्टी वाकलेली, चेनचे दात कानस मारून मारून संपलेले आणि चक्रीला खाचा पडलेल्या असतील, तर तेही याच खात्यात लिहा. समजा नवी मशीन 6,000 ची आहे, पिस्टन-किट आणि मजुरी मिळून 2,000 होतात, तर वाटतं स्वस्तात झालं. चेन-पट्टी धरली की तोच आकडा तीन हजारांपलीकडे जातो.

नामांकित कंपनीची महाग मशीन असेल तर गणित उलटं होतं. तिचे सुटे भाग कित्येक वर्षं मिळत राहतात आणि क्रँककेस मजबूत असते, म्हणून मोठा खर्चही वसूल होतो. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा ठरवण्यासाठी समिती नेमली, तिच्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारं आहेत. सुटे भाग आणि त्यांचे दर विचारायला म्हणूनच संकोच करू नये. भागांसाठी भुसावळ-जळगावकडे धावण्याआधी बऱ्हाणपूरलाही विचारून पाहा. राज्य वेगळं असलं तरी रावेरहून ते भुसावळपेक्षा जवळ आहे.

वापर किती, हेही धरावं. साग, आंबा, चिंच, मोह अशी झाडं आपल्याच शेतात असली तरी 1964 च्या झाडतोड कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय पाडता येत नाहीत. वर्षाला दोन बाभळी कापायच्या असतील तर मशीन भाड्याने बोलावणं सोपं.

शेजार आणि पैसे

मशीन उघडण्याआधी आकडा सांगावा : “नाना, एवढे लागतील, याच्यावर गेलं तर मी हात लावत नाही.” मशीन मागून नेणाऱ्यामुळे बिघडली असेल, तर भरपाईच्या भांडणात आपण पंच होऊ नये. पिस्टन कसा दिसतो त्याचे फोटो काढून मालकाला द्यावेत आणि पुढचं त्यांचं त्यांनी पाहावं. काढलेले भाग एका डब्यात घालून परत द्यावेत.

ही मशीन चालू करून देऊ नये

पुढची ढाल, म्हणजे चेन ब्रेक, तुटलेली असेल किंवा पुढे ढकलूनही चेन थांबत नसेल, तर इंजिन कितीही सुरेख चालो, मशीन परत देऊ नये. पूर्ण वेगात चेन सेकंदाला 20 मीटरच्या आसपास धावते. पट्टीचं टोक फांदीला लागलं तर मशीन उलटून कापणाऱ्याच्या तोंडाकडे येते. ब्रेकचा पट्टा आणि ढाल यांचा खर्च हिशेबात पहिला लिहावा. तो परवडत नसेल तर कॉइल, कार्बोरेटर आणि स्टार्टर काढून ठेवून बाकी ॲल्युमिनियम भंगारवाल्याला द्यावं.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर

नवा पिस्टन असेल तर पहिल्या टाकीला बाभूळ नको. निंबाच्या मऊ फांद्या कापाव्यात आणि पेट्रोलचा एच स्क्रू जरा सैल ठेवावा. संथ चालताना चेन जागची हलता कामा नये. सरकत असेल तर टी स्क्रूने वेग कमी करा, तरी थांबली नाही तर क्लचची स्प्रिंग पाहा. मग पट्टीचं टोक पांढऱ्या कागदासमोर धरून जरा वेग द्या : कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर चेनच्या तेलाची वाट जळक्या ऑईलच्या गाळाने तुंबली आहे. ती साफ करून मगच मशीन नानांच्या ओट्यावर पोचवा.