पीकपेरा आणि यादी

सकाळी 7
चहाआधी कालचे फोटो चढवायचे. शिवारात रेंज नसते. फोटो काढून ठेवायचा आणि गावात, मारुतीच्या पारावर येऊन अपलोड करायचा. आमचं गाव सेलू तालुक्यात, दुधनेच्या अंगाला. मी इथला ई-पीक पाहणीचा सहायक. शेतकऱ्यांनी स्वतः पिकाची नोंद करायची मुदत संपली, की उरलेले गट माझ्या माथी.

साडेआठ
पावसाने पांदण फुटलेली, गाडी ओढ्याअलीकडेच लावली. मावशी बांधावर उभ्याच होत्या. पोरगा पुण्याला, मोबाईलही त्याच्याकडेच.
“किती रान, मावशी?”
“दोन एकर.”
अॅपला एकर कळत नाही, हेक्टर-आर लागतं. दोन एकर म्हणजे 80 आर. सोयाबीनच्या तीन ओळींमागे तुरीची एक, म्हणजे 60 आर सोयाबीन, 20 आर तूर.
“समदं सोयाबीनच लाव की. तुरीला कोण बघतंय?”
तूर हमीभावाने घालायला गेलात तर सातबारा बघतात, म्हटलं. मग म्हणाल्या, “लाव बाबा, तूर बी लाव.” गटापाशी उभं राहिल्याशिवाय फोटो घेतला जात नाही, म्हणून चिखलात उतरलो. चप्पल तिथेच रुतली.

11 वाजता
पारावर आबांचं नेहमीचं: “हे तलाठ्याचं काम. आमच्याकडून फुकटात काऊन करून घेता?”
आबांचं अर्धं खरं आहे. पूर्वी पीकपेरा तलाठी लावायचा, पुष्कळदा चावडीत बसून, गेल्या सालाकडे बघून. कापूस उपटून ऊस लावला तरी सातबाऱ्यावर कापूसच. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर हे काम शेतकऱ्याच्या मोबाईलवर आलं. आपलं पीक आपण नोंदवायचं, ही गोष्ट मला मनापासून पटते. पण कामाबरोबर जबाबदारीही सरकली. 2023 च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनला हेक्टरी 5,000 रुपये मदत जाहीर झाली, 2 हेक्टरपर्यंत, आणि अट घातली ई-पीक पाहणीची. पीक रानात होतं, नोंद नव्हती, अशांनी ओरड केली तेव्हा अट सैल झाली. साधा फोन वापरणारा माणूस आळशी ठरतो, हे काही बरं नाही.

दुपारी 2
सामाईक खातं, भाऊ तिघं. थोरल्याने घरबसल्या सगळ्या गटाची माहिती सांगितली: सोयाबीन. जाऊन बघतो तर धाकट्याच्या वाट्यात कापूस, मधल्याचं पडीक. वाटणी तोंडी झालेली, कागदावर नाही. तिघांना बांधावर बोलावलं आणि भांडण संपेपर्यंत लिंबाखाली बसलो.

संध्याकाळी 6
जिल्हा परिषदेच्या शाळेत बैठक. दोन वर्गांना टीव्ही घ्यायचाय, लोकवर्गणीतून. सरांनी क्यूआर कोड ग्रुपवर टाकला. पूर्वी पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरायचं. आता चाकणच्या कंपनीतली गावची पोरं शिफ्ट सुटल्यावर पैसे टाकतात. पद्धत काही नवी नाही म्हणा. पैसा फंडाने पैसा-पैसा गोळा करून तळेगावला काचेचा कारखाना काढला, तो 1908 मध्ये.

रात्री 9
वर्गणीचे पैसे दिले की ग्रुपवरची देणाऱ्यांची यादी कॉपी करायची, खाली आपलं नाव जोडायचं आणि परत ग्रुपवर टाकायची. एकाच वेळी दोघांनी टाकली, की एकाचं नाव गळतं. पुढचे लोक तीच अपुरी यादी कॉपी करतात. आज गळालेलं नाव निघालं पारावरच्या आबांचं, तेही नातवाने टाकलेले 500 रुपये! आबा रागात, नातू पुण्यातून स्क्रीनशॉट पाठवतोय. सरांच्या खात्यावरचे जमा आकडे आणि यादी, ओळीने ताडून बघितली. आणखी दोन नावं गळालेली सापडली. नवी यादी टाकली आणि खाली लिहिलं: “आता कुणीही कॉपी करू नये. पैसे टाकले की मला पर्सनलवर कळवा.”