इनामगावची घरं

परभणीकडे घराचं माळवद नि ढाळज पाहून त्या कुटुंबाची जुनी पत कळते. महाराष्ट्रातल्या आद्य शेतकऱ्यांची गावंही घरांवरूनच वाचावी लागतात. त्यांतलं सर्वांत नीट अभ्यासलेलं गाव म्हणजे पुणे जिल्ह्यातलं, घोड नदीकाठचं इनामगाव. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केलं.

इ.स.पू. 1400 नंतर इथले ताम्रपाषाणयुगातल्या जोर्वे संस्कृतीचे लोक मातीच्या बुटक्या भिंतींवर कूड घातलेल्या चौकोनी, प्रशस्त घरांत राहत. घरं ओळीने, मध्ये बोळाएवढी जागा. एक घर मात्र पाच खोल्यांचं, शेजारी धान्याचं कोठार. ते गावप्रमुखाचं असावं, असं पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांचं मत.

मूल दगावलं की दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवत आणि घराच्याच जमिनीखाली पुरत. मोठ्यांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडत. आपलं माणूस आपल्यापासून दूर जाऊ नये, ही ओढ मला त्यात दिसते.

इ.स.पू. 1000 नंतर, ढवळीकरांच्या मते, पाऊसमान घटलं. चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आक्रसली, शेळ्यामेंढ्या आणि शिकारीवरची भिस्त वाढली. इ.स.पू. 700 च्या सुमारास गाव ओस पडलं.