सामूहिक भय आणि वाङ्मयातील साक्ष

राजकीय दहशतीचे चित्रण करणाऱ्या साहित्याचा विचार करताना समीक्षेचे लक्ष बहुधा पीडक आणि पीडित या दोघांवरच खिळून राहते. परंतु सामूहिक भय केवळ या दोघांच्या संबंधातून निर्माण होत नाही. आरोप करणारा शेजारी, सभेत मुकाट्याने हात वर करणारा सहकारी आणि काही कारण असल्यावाचून का कोणाला धरून नेतील, असे मनाशी म्हणणारा सामान्य नागरिक यांच्या संमतीवाचून ते फार काळ टिकू शकत नाही. ही संमती माणसाच्या अंतरंगात कशी घडते, हे सांगणे इतिहासाच्या दप्तरांना क्वचितच साधते. ते कार्य प्रामुख्याने साहित्याचे होय. मात्र भयाची जात जशी बदलते, तसे साहित्याचे रूपही बदलते. कोठे भय माणसाला बोलावयास लावते, तर कोठे ते त्याची वाचाच हरण करते. आर्थर मिलर यांचे ‘द क्रूसिबल’ हे नाटक आणि लिदिया चुकोव्स्काया यांची ‘सोफिया पेत्रोव्ना’ ही लघुकादंबरी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे हा भेद स्पष्ट होतो.

‘द क्रूसिबल’ २२ जानेवारी १९५३ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रथम रंगभूमीवर आले. कम्युनिस्टांच्या शोधाने त्या वेळी अमेरिकेचे सार्वजनिक जीवन ढवळून निघाले होते. सिनेटमध्ये जोसेफ मॅकार्थी यांची आरोपसत्रे चालू होती. लेखक, नट व दिग्दर्शक यांची झडती मात्र मुख्यतः प्रतिनिधिगृहाची चौकशी समिती घेत असे. साक्षीदाराने स्वतःविषयी खरे सांगितले म्हणजे समितीचे समाधान होत नसे; त्याने इतरांची नावे उच्चारली पाहिजेत, असा तिचा आग्रह असे. ती नावे समितीला बहुधा आधीच ठाऊक असत. म्हणजे हवी होती ती माहिती नव्हे, तर शरणागती. मिलर यांचे सहकारी दिग्दर्शक एलिया कझान यांनी १९५२ मध्ये अशी नावे दिली. स्वतः मिलर यांना १९५६ मध्ये पाचारण करण्यात आले, तेव्हा त्यांनी नकार दिला. १९५७ मध्ये त्यांना अवमानाबद्दल दोषी ठरविण्यात आले आणि १९५८ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली.

या नाट्यवस्तूसाठी मिलर मॅसाच्युसेट्समधील सेलम येथे १६९२ साली झालेल्या चेटकिणींच्या खटल्यांकडे वळले. त्या प्रकरणात दीडशेहून अधिक लोकांवर आरोप झाले आणि १९ जणांना फाशी देण्यात आली. जाइल्स कोरी या वृद्धाने न्यायालयाचा अधिकार मानण्यास नकार दिला, म्हणून त्याला दगडांखाली चिरडून मारण्यात आले. या न्यायाची विकृती एका गोष्टीत सामावलेली आहे. ज्यांनी चेटूक केल्याची कबुली दिली आणि जे तीवर कायम राहिले ते फाशीतून वाचले. ज्यांनी सत्य सांगितले ते मेले.

चेटकिणी अस्तित्वात नसतात, कम्युनिस्ट मात्र होते, तेव्हा ही तुलना मुळातच फसवी आहे, असा आक्षेप या नाटकावर घेण्यात आला. आक्षेप दुर्लक्षणीय नाही. परंतु नाटकाचा रोख आरोपाच्या विषयावर नसून आरोपाच्या रीतीवर आहे. नकार हाच अपराधाचा पुरावा ठरला, निर्दोषाचा कैवार घेणारा स्वतःच संशयित झाला आणि दुसऱ्याचे नाव घेणे हीच सुटकेची वाट उरली, म्हणजे आरोपाचा विषय खरा की खोटा हा प्रश्न गौण होतो. अखेरच्या अंकात जॉन प्रॉक्टर प्राणभयाने कबुली देतो. इतरांची नावे घेण्याचे मात्र नाकारतो. कबुलीच्या कागदावर तो सही करतो, पण तो कागद गावापुढे मिरविला जाणार हे उमगताच फाडून टाकतो. येथे भयाचा आणि माणसाचा सामना उघड्यावर होतो. प्रश्न विचारणारा समोर आहे, ऐकणारे लोक आहेत, आणि म्हणून नकारालाही अर्थ आहे. ज्या समाजात भय माणसाकडून शब्द मागते, त्या समाजातील त्याचे स्वाभाविक वाङ्मयीन रूप नाटक हेच असावे, यात नवल नाही.

‘सोफिया पेत्रोव्ना’चे जग याहून सर्वस्वी निराळे आहे. सोव्हिएत सरकारच्याच दप्तरांप्रमाणे १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत राजकीय आरोपांवरून ६,८१,६९२ लोकांना मृत्युदंड देण्यात आला. चुकोव्स्काया यांचे पती, पदार्थविज्ञानवेत्ते मात्वेई ब्रोन्स्टाइन, हे त्यांपैकी एक. १९३९-४० च्या हिवाळ्यात, हे सर्व ताजे असतानाच, त्यांनी ही कथा लिहिली. मात्र त्यांनी आपल्यासारखी जाणती स्त्री नायिका म्हणून निवडली नाही. सोफिया पेत्रोव्ना ही लेनिनग्राडमधील एका प्रकाशनसंस्थेत टंकलेखनाचे काम करणारी विधवा आहे; सरकारवर तिचा भाबडा विश्वास आहे. तिचा मुलगा कोल्या याला अटक होते आणि ती तुरुंगाच्या खिडकीपुढील रांगेत उभी राहते. रांगेतील इतर स्त्रिया देशद्रोह्यांच्या बायका आणि आया आहेत, याविषयी तिला शंका नाही. चूक झाली आहे ती केवळ आपल्या मुलाच्या बाबतीत, असे तिला वाटते. त्या रांगेतील अनेकींच्या मनात हाच विचार असू शकतो, हे तिच्या ध्यानी येत नाही. दुःख समान असूनही त्याचे सख्य होत नाही. संपूर्ण कादंबरीचे मर्म या एका निरीक्षणात आहे.

येथे प्रॉक्टरसारख्या नकाराला अवसरच नाही, कारण सोफियाला कोणी प्रश्न विचारीत नाही. खिडकीमागून तुटक उत्तरे येतात आणि खिडकी बंद होते. मुलगा सुटल्याची बातमी ती स्वतःच रचते आणि इतरांना सांगू लागते. शेवटी कोल्याचे खरे पत्र हाती येते. आपल्याला मारहाण झाली, आईने अर्ज करावा, अशी त्यात विनवणी असते. ते पत्र ती जाळून टाकते. ही संमती घडविण्यासाठी कोणा अधिकाऱ्याला तिच्या दारी यावे लागत नाही. भय तिच्या घरात केव्हाच वस्तीला आलेले असते. असे भय रंगभूमीवर आणणे कठीण होय. ते निवेदनाच्या संथ, जवळजवळ रूक्ष गतीतूनच प्रकट होऊ शकते, आणि चुकोव्स्काया यांनी नेमकी तीच गती स्वीकारली आहे. ही कादंबरी १९६५ मध्ये पॅरिस येथे आणि स्वदेशात थेट १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली.

नाटककाराला प्रेक्षक लाभले, कादंबरीकर्त्रीला पंचवीस वर्षे वाचक लाभला नाही, हा फरक केवळ दोन राजवटींचा नव्हे. जेथे न्यायालय, वृत्तपत्र आणि रंगभूमी काही अंशी शाबूत असतात तेथे साहित्य भयाशी वाद घालू शकते; जेथे त्या उरत नाहीत तेथे साहित्याला प्रथम टिकून राहावे लागते. आना आख्मातोवा यांच्या ‘रेक्विएम’चा इतिहास याची साक्ष देतो. त्यांचा मुलगा तुरुंगात होता आणि त्याही अशाच रांगांत उभ्या राहिल्या होत्या. त्या कविता कागदाच्या कपट्यावर लिहीत, विश्वासू स्नेही त्या वाचून मुखोद्गत करीत आणि मग तो कपटा जाळला जाई. पाठ करणाऱ्यांत चुकोव्स्काया याही होत्या. ‘रेक्विएम’ १९६३ मध्ये म्यूनिकला छापले गेले. रशियात ते १९८७ मध्ये प्रकाशित झाले.

सोफिया पेत्रोव्ना कागद जाळते ती मुलाचे सत्य आपल्याजवळ राहू नये म्हणून. आख्मातोवा कागद जाळीत त्या ते दुसऱ्याच्या स्मरणात सुरक्षित झाल्यावर. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही कृती सारख्याच दिसतील. परंतु एकीत माणूस एकाकी आहे, तर दुसरीत त्याच्याजवळ विश्वासाचे एक माणूस बसले आहे. सामूहिक भय प्रथम हा विश्वासच तोडते, हे या कृतींतून उमगते. म्हणून भयाच्या साहित्याचे मूल्यमापन करताना त्यात अत्याचाराची वर्णने किती दाहक आहेत, एवढेच पाहून भागणार नाही. माणसामाणसांतील विश्वास कोणत्या क्षणी आणि कोणाच्या संमतीने तुटला, हे ती कृती किती अचूकपणे दाखविते, हा तिच्या मोलाचा खरा निकष होय.