डोक्याला मुका मार आणि मुलांची झोप

(ध्वनिमुद्रित भाषणावरून)



सौदी अरेबियातील जिझान हे तांबड्या समुद्राकाठचे उष्ण, दमट शहर. तेथील एका रुग्णालयात मी परिचारिका होते. दिवसा ऊन सोसवत नसल्यामुळे मुले इशाच्या नमाजानंतर, दिव्यांच्या उजेडात फुटबॉल खेळत. डोके आपटलेला मुलगा आमच्याकडे येई तो मध्यरात्रीच्या सुमारास, आणि आईचा पहिला प्रश्न ठरलेला असे : ‘याला झोपू द्यायचे की नाही?’ हाच प्रश्न मला ठाण्यात आणि अलिबागेतही विचारला जातो.

डोक्याला जोराचा हादरा बसला, की मेंदूच्या पेशींचे काम काही काळ विस्कळीत होते. यालाच कन्कशन म्हणतात. बाहेर जखम नसते, सीटी स्कॅनही बहुधा स्वच्छ येतो. परंतु डोकेदुखी, चक्कर, विसराळूपणा आणि चिडचिड मागे राहते. पेशींना सावरण्यासाठी अधिक शक्ती हवी असते, आणि नेमका त्याच वेळी तिचा पुरवठा अपुरा पडतो. म्हणून झोप हा येथे उपचाराचाच भाग आहे.

‘झोपला तर उठणार नाही’ ही भीती जुनी आहे. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवले असेल, तर मुलाला निर्धास्तपणे झोपू द्यावे; दर तासाला हलवून जागे करण्याची गरज नाही. मात्र वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके, अडखळती वाणी, हातापायांत अशक्तपणा, लहानमोठ्या बाहुल्या किंवा उठवूनही न उठणे, यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. तो शब्बाथचा दिवस असला तरी थांबू नये, जीवरक्षण आधी.

खरी अडचण पुढील आठवड्यांत येते. किशोरवयात झोपेची वेळ निसर्गतःच उशिरा सरकते. जिझानमध्ये रमजानात रात्र जागून काढायची आणि दिवस झोपेत घालवायचा, असा क्रम असे; आपल्याकडे तेच काम मोबाईल करतो. कन्कशननंतर ज्यांची झोप बिघडते, त्यांची लक्षणेही अधिक काळ रेंगाळतात.

१३ ते १८ वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोप हवी. पहिले दोन दिवस तो हवा तेवढा झोपो. त्यानंतर उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, सुट्टीतही. सकाळी उन्हात थोडे चालवावे. दुपारची डुलकी अर्ध्या तासाहून मोठी नसावी. दुपारनंतर चहा-कॉफी नको. खोली अंधारी आणि थंड असावी.

पहिले ४८ तास पडद्यापासून दूर ठेवणे विशेष हिताचे. अमेरिकेत १२ ते २५ वयाच्या १२५ रुग्णांवरील अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पडदा टाळणारे साधारण ३.५ दिवसांत बरे झाले, तर पाहणाऱ्यांना ८ दिवस लागले. शब्बाथला ज्या घरी मोबाईल बाजूला ठेवतात, त्या घरी ही शिस्त नवी नाही.

तथापि मुलाला आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत कोंडू नये. दोन दिवसांनंतर हलके चालणे, थोडा अभ्यास सुरू करावा. त्याने रात्रीची झोपही सुधारते. झोपेच्या गोळ्या किंवा मेलाटोनिन स्वतःच्या मनाने देऊ नये. बहुतेक मुले चार आठवड्यांत बरी होतात. तोवर खेळाच्या मैदानावर डॉक्टरांच्या अनुमतीवाचून पाठवू नये, आणि महिन्यानंतरही झोप लागत नसेल तर पुन्हा तपासून घ्यावे.