अश्मरी, मुतखडा आणि मूत्रगळती

'अश्मरी' या संस्कृत शब्दाचे मराठी भाषांतर करताना 'मुतखडा' हा शब्द सहज सुचतो आणि तो चुकीचाही नाही. परंतु आजच्या वाचकाच्या मनात मुतखडा म्हटला की मूत्रपिंडाचा विकार उभा राहतो. सुश्रुतसंहितेतील अश्मरी मात्र बस्तीतील, म्हणजे मूत्राशयातील खडा आहे. हा भेद ध्यानात न घेतल्यास त्या ग्रंथातील मूत्रगळतीसंबंधीची विधाने भलत्याच अवयवास लावली जाण्याचा संभव असतो.

सुश्रुतसंहितेत अश्मरीचे निदान निदानस्थानाच्या ३ऱ्या अध्यायात आणि चिकित्सा चिकित्सास्थानाच्या ७व्या अध्यायात आली आहे. तोंडापर्यंत पाण्यात बुडवलेला नवा घट जसा बाजूंनी पाझरून भरतो, तशी बस्ती सूक्ष्म स्रोतसांच्या द्वारे मूत्राने भरते, असा दृष्टांत तेथे दिला आहे. वृक्क हा अवयव ग्रंथकारास ठाऊक होता. परंतु त्याचा संबंध मेदाशी जोडलेला आहे, मूत्रनिर्मितीशी नव्हे. साहजिकच खड्यामुळे मूत्रपिंड फाटण्याची कल्पना या विवेचनात संभवत नाही.

ग्रंथातील मूत्रगळती शस्त्रकर्मातून उद्भवते. औषधांनी न शमणारी अश्मरी काढण्यासाठी सेवनीच्या डाव्या बाजूस, यवमात्र अंतर राखून, खड्याच्या आकाराएवढा छेद घ्यावा असे सांगितले आहे. बस्ती हे सद्यःप्राणहर मर्म होय. परंतु शारीरस्थानाच्या ६व्या अध्यायात अश्मरीसाठी केलेल्या व्रणाचा अपवाद केलेला आढळतो. तेथेही बस्ती दोन्ही बाजूंनी भेदली गेली तर रोगी वाचत नाही; एका बाजूस भेदली गेली तर मूत्रस्रावी व्रण होतो आणि तो कसोशीने उपचार केल्यास भरून येतो. ७ दिवसांत मूत्र स्वमार्गाने वाहू लागले नाही, तर व्रणावर अग्निकर्म करावे, असा निर्देश आहे.

आधुनिक वैद्यकात वर्णिलेली गळती याहून भिन्न आहे. तेथे शस्त्राचा स्पर्शही झालेला नसतो. मूत्रपिंडातून निघालेला खडा अरुंद मूत्रवाहिनीत अडकतो. मूत्रपिंडाचे कार्य चालूच राहिल्यामुळे अडथळ्याच्या वरील भागात दाब वाढतो आणि मूत्र गोळा करणाऱ्या पेल्यासारख्या पोकळ्यांच्या नाजूक कडेला चीर पडते. मूत्र मूत्रपिंडाभोवतालच्या चरबीत झिरपते. कधी तेथे त्याचा संचय होऊन गाठीसारखा फुगवटा तयार होतो. दाब उतरल्याने कळ काही काळ कमीही होते, आणि हा उतार फसवा ठरू शकतो. साचलेल्या मूत्रात जंतुसंसर्ग झाल्यास थंडी वाजून ताप येतो व प्राणावर बेतते. मूत्रपिंडाचा गर प्रत्यक्ष फाटणे ही मात्र विरळा घटना असून ती बहुधा आधीच विकृत झालेल्या मूत्रपिंडात घडते.

निदानासाठी सीटी स्कॅनचा उपयोग होतो. रक्तवाहिनीतून दिलेले द्रव्य मूत्रमार्गाबाहेर पसरलेले दिसले, की गळतीची खात्री पटते. मूत्रवाहिनीत स्टेंट घालून किंवा पाठीतून मूत्रपिंडात नळी बसवून मूत्राला वाट करून देतात. अडथळा दूर झाला की लहानशी चीर बहुधा आपोआप भरून येते. खडा काढण्याचे काम, विशेषतः संसर्ग असल्यास, मागाहून केले जाते.

यावरून भाषांतरकाराने घ्यावयाची दक्षता स्पष्ट होते. 'मूत्रस्रावी व्रण' म्हणजे ज्यातून मूत्र वाहते अशी जखम. शरीराच्या आत झिरपणाऱ्या मूत्रासाठी ही संज्ञा योजणे योग्य नव्हे. त्याचप्रमाणे सुश्रुताच्या अश्मरीस 'किडनी स्टोन' म्हणणे म्हणजे ग्रंथकाराच्या शारीरविचारात नसलेली गोष्ट त्याच्या माथी मारणे होय. 'मूत्राशयातील खडा' असे स्पष्ट म्हटल्याने अर्थाची हानी होत नाही.

मात्र एका बाबतीत दोन्ही परंपरा परस्परांजवळ येतात. मूत्र 'स्वमार्गा'ने वाहू लागणे हीच सुश्रुतसंहितेने बरे होण्याची कसोटी मानली आहे. स्टेंट घालणाऱ्या आजच्या शल्यविशारदाचे उद्दिष्टही तेच आहे. अवयव बदलला, साधने बदलली; परंतु त्या शब्दाचे प्रयोजन उरले आहे, आणि भाषांतरात तो तसाच ठेवणे इष्ट ठरेल.